सोसायटीचं ८० हजार, आणि बाकीचं

शेतकऱ्याला "कर्ज किती आहे?" असं विचारा. उत्तर पटकन येतं, "सोसायटीचं ८० हजार." मग गप्पा लांबतात आणि एकेक गोष्ट बाहेर येते. कृषी सेवा केंद्रात खत-औषधाचे ४० हजार द्यायचे आहेत. पण ती उधारी. घरातलं सोनं बँकेत ठेवून ६० हजार आणलेत. ते 'सोनं ठेवलंय'. मेव्हण्याकडून ५० हजार घेतलेत, ते हातउसने. बायकोने गटातून ३० हजार उचललेत, ते 'गटाचं'. बेरीज केली तर २ लाख ६० हजार होते. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, पण ही विभागणी खरी आहे, आणि असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी कर्ज म्हणजे सातबाऱ्यावर बोजा चढतो ते. बाकी सगळ्याला आपल्या भाषेत वेगळे शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्दाबरोबर फेडीचा एक वेगळा नियमही येतो.

शेतकऱ्यावर कर्ज किती, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तेवढा सरळ नाही. तरी आधी सरकारी आकडा पाहू.

राष्ट्रीय नमुना पाहणीची ७७ वी फेरी २०१९ साली झाली. तिच्यानुसार देशातल्या शेतकरी कुटुंबावर सरासरी ७४,१२१ रुपये कर्ज होतं. आधीच्या, म्हणजे २०१३ च्या पाहणीत हाच आकडा ४७ हजारांच्या आसपास होता. २०१९ मध्ये कर्ज असलेली कुटुंबं होती ५०.२ टक्के. सरासरीतली मेख इथेच आहे. ज्यांच्यावर दमडीचंही कर्ज नाही त्यांना धरून ती ७४ हजार येते. ज्यांच्यावर खरोखर कर्ज आहे तेवढ्यांचीच सरासरी काढली, तर ती जवळपास दुप्पट, दीड लाखाच्या घरात जाते.

त्याच पाहणीत शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न निघालं १०,२१८ रुपये. त्यात पिकापासूनचे ३,७९८ आणि मजुरीचे ४,०६३. म्हणजे आपण ज्याला शेतकरी म्हणतो त्याचं घर पिकापेक्षा मजुरीवर थोडं जास्तच चालतं, आणि सोसायटी किंवा बँक पीककर्ज देते ते मात्र पिकाकडे बघून.

आता राज्यांकडे बघा. आंध्र प्रदेशात सरासरी कर्ज २ लाख ४५ हजारांवर, केरळात २ लाख ४२ हजारांवर, पंजाबात २ लाखांवर. महाराष्ट्रात सुमारे ८२ हजार. आणि नागालँडमध्ये १,७५० रुपये. नागालँडचा शेतकरी पंजाबच्या शेतकऱ्यापेक्षा सुखी आहे, असं यावरून कोणी म्हणणार नाही. त्याला कर्ज द्यायला कोणी जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्याची जमीन मोठी, पाणी बारमाही, माल विकायची सोय पक्की, त्याच्यावर कर्ज जास्त असतं, कारण त्याला ते मिळतं. त्यामुळे 'कर्ज वाढलं' ही बातमी वाचली की लगेच हळहळू नये आणि खूशही होऊ नये. ते कोणाकडून घेतलंय, कशासाठी घेतलंय आणि कधी फेडायचंय, हे विचारावं. माझ्या मते या तिन्हींत 'कधी' हा प्रश्न सगळ्यात मोठा, आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते.

पीककर्ज मिळतं कसं

गावातली विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, तिच्यावर जिल्हा मध्यवर्ती बँक, तिच्यावर मुंबईतली राज्य सहकारी बँक, अशी ही तीन मजली रचना आहे. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा. पण पुढची ५० वर्षं तिचा फारसा उपयोग झाला नाही. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची मोठी पाहणी करवली, तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला आणि सावकारांचा ७० च्या आसपास. ही पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीने तेव्हा म्हटलं होतं की सहकार अयशस्वी झाला आहे, पण तो यशस्वी व्हायलाच हवा. त्यानंतर सरकारने पैसा आणि माणसं लावली. २०१९ च्या पाहणीत कर्जाच्या रकमेपैकी सुमारे ७० टक्के बँका, सोसायट्या अशा संस्थांचं होतं आणि २०.५ टक्के धंदेवाईक सावकारांचं. म्हणजे चित्र बरंच पालटलं. कागदावर तरी.

तुम्हाला किती कर्ज मिळणार हे तुमच्या गरजेवरून ठरत नाही. कोणत्या पिकाला हेक्टरी किती, हा दर जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते. ऊस-द्राक्षाला जास्त, सोयाबीन-बाजरीला कमी. त्या दरावरून प्रत्येक सभासदाचं कमाल मर्यादा पत्रक तयार होतं. सोसायटीच्या गटसचिवाच्या तोंडी 'क. म. पत्रक' असतं ते हेच. सातबाऱ्यावर ऊस दाखवला की मर्यादा वाढते, ही युक्ती गावोगाव ठाऊक आहे. आणि ज्याच्या नावे सातबाराच नाही, जो दुसऱ्याचं रान खंडाने किंवा बटईने करतो, त्याचं नाव या पत्रकात येतच नाही. त्याचा सगळा खर्च उधारीवर आणि सावकारावर.

व्याजाचं गणित मात्र शेतकऱ्याच्या बाजूचं आहे, हे कबूल करायला हवं. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राच्या सवलतीमुळे ७ टक्के दर लागतो. वेळेत फेडलं की आणखी ३ टक्के सूट. उरलेला भार महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य सरकार उचलतं. २०२१ पासून ३ लाखांपर्यंत वेळेत फेडणाऱ्याला व्याज शून्य. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

शून्य टक्क्याचा पैसा हातात असताना माणूस शेकडा पाचाने सावकाराकडे का जातो, असं शहरातल्या माणसाला वाटतं. उत्तर 'वेळेत' या एका शब्दात आहे.

मार्चमधलं नवं-जुनं

खरिपाचं कर्ज साधारणपणे मार्चअखेर फेडायचं असतं. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे निघतं आणि तेव्हाच भाव सर्वांत पडलेला असतो, कारण सगळ्यांचाच माल एकदम बाजारात येतो. ज्याला लगेच पैसा हवा तो विकून मोकळा होतो. त्या पैशातून कृषी केंद्र भागवायचं, दिवाळी करायची, रब्बीची पेरणी करायची. ज्याला थांबता येतं तो भाव चढायची वाट बघतो. दोघांच्याही हातात मार्चमध्ये पूर्ण रक्कम नसते. एकाची खर्च झालेली असते, दुसऱ्याची घरात पोत्यांच्या रूपात पडलेली असते.

मग होतं ते 'नवं-जुनं'. गावातल्या किंवा तालुक्यातल्या एखाद्याकडून आठ-दहा दिवसांसाठी पैसे घ्यायचे, सोसायटीत भरायचे, खातं कोरं करायचं. नव्या हंगामाचं कर्ज मंजूर झालं की त्यातून त्या माणसाचे पैसे परत करायचे. वर त्याला लाखामागे ठरलेली रक्कम द्यायची. समजा लाखाला २ हजार ठरले. शून्य टक्क्याच्या कर्जाला २ टक्के पडले, एवढंच ना? पण हे २ हजार दहा दिवसांच्या वापराचे आहेत. वर्षाच्या हिशेबाने तो दर ७३ टक्के होतो. आणि नवं कर्ज यायला दहा दिवसांऐवजी दोन महिने लागले, तर त्या लाखावर मधल्या काळाचं व्याज चढत राहतं.

बँकेच्या नोंदीत यातलं काहीही दिसत नाही. तिथे दिसतं ते 'नियमित कर्जदार, शंभर टक्के वसुली'. मूळ रक्कम मात्र कित्येक वर्षं फिटलेलीच नसते, दर मार्चला तारीख तेवढी बदलते.

ही गोष्ट नवी नाही, आणि म्हणूनच ती मला जास्त अस्वस्थ करते. १८५९ मध्ये इंग्रजांनी मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीन वर्षंच वैध राहील, म्हणजे व्याज बेसुमार साचणार नाही, असा हेतू. सावकारांनी त्यावर सोपा तोडगा काढला. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा, न फिटलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं, आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेऊ नये, हा दामदुपटीचा जुना नियम त्यात बाजूला पडला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते ६५, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी मागेल तेवढं कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, सावकारांनी हात आखडता घेतला. शेतसारा मात्र वाढवला गेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी मागितलं काय? वह्या आणि रोखे. ते हाती लागले की जाळले. चौकशी आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २ हजारांहून अधिक व्याज लावलेलं निघालं. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा झाला.

आज रोखा तीन वर्षांचा नसून वर्षाचा आहे, आणि पुन्हा लिहून घेणारा सावकार नसून सोसायटी आहे. व्याजाची लूट नाही, हा फरक लहान नाही. पण 'फेडल्यासारखं दाखवून पुढे ढकलणं' ही रीत तीच राहिली.

उसाच्या पट्ट्यात हा ताण जरा कमी जाणवतो. कारण वसुली कारखान्याच्या बिलातून परस्पर कापून जाते. शेतकऱ्याच्या हाती उरलेलीच रक्कम येते. सोसायटीला पैसे बुडायची भीती नाही, म्हणून ती सढळ हाताने देते. विदर्भात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारी यंत्रणेलाच विकावा लागे, तेव्हा तिथेही चुकाऱ्यातून कपात व्हायची. ती खरेदी मोडली आणि कर्ज व विक्री यांना जोडणारी साखळी तुटली. पुढे तिकडच्या काही जिल्हा बँका अडचणीत आल्या, त्याला हे एकच कारण नव्हतं, पण हेही होतं.

मुदतीचा आणखी एक घोळ आहे. विहीर, पाइपलाइन, जमीन सपाटीकरण या कामांचा पैसा दहा-पंधरा वर्षांत सुटतो. त्यासाठी दीर्घ मुदतीचं कर्ज लागतं, आणि ते देणाऱ्या भूविकास बँका महाराष्ट्रात बंद पडल्या. मग पीककर्जाचाच पैसा विहिरीत जातो. विहिरीला पाणी लागलं तरी ते पहिल्या मार्चच्या आत ८० हजार उभे करून देत नाही. शेतकरी बुडतो तो पुष्कळदा पैसा वाया घालवल्यामुळे नव्हे. पैसा चांगल्या कामाला लावला, पण मुदत चुकीची होती.

आधी कोणाचं फेडायचं

हातात ५० हजार आले आणि देणी पाच ठिकाणची आहेत. हिशेबाचं पुस्तक सांगेल, ज्याचं व्याज सगळ्यात जास्त ते आधी फेडा. गावातला माणूस तसं करत नाही. तो मेव्हण्याचे बिनव्याजी ५० हजार आधी देतो, नंतर कृषी केंद्रवाल्याचं बघतो आणि बँकेला शेवटी ठेवतो. बाहेरून बघणारा म्हणतो, बघा, बँकेचा पैसा बुडवायची वृत्ती.

मला यात वृत्तीपेक्षा हिशेब दिसतो. रात्री अकराला पोराला दवाखान्यात न्यायचं झालं, तर फोन मेव्हण्याला करायचा असतो. बँक तेव्हा बंद असते, आणि उघडी असती तरी दवाखान्यासाठी पीककर्ज मिळत नाही. मेव्हण्याकडचा विश्वास हा या घराचा आणीबाणीचा निधी आहे. तो राखायचा, तर त्याचे पैसे बोलल्या दिवशी परत जायला हवेत. कृषी केंद्राचंही तसंच. जुनी उधारी भागली नाही तर जूनमध्ये बियाण्याची पिशवी मिळत नाही. तिथे उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो, म्हणजे व्याज किमतीतच मिळवलेलं असतं. पण त्याला कोणी व्याज म्हणत नाही, त्यामुळे ते बोचतही नाही.

सावकाराचा दरही असाच कानाला सौम्य लागतो. 'शेकडा पाच' म्हणजे महिन्याला. ५० हजारांवर महिन्याला अडीच हजार, वर्षाला ३० हजार. वीस महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढं होतं, दामदुपटीची वेस गाठली जाते, आणि मुद्दल तिथेच उभं असतं. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय हा धंदा करणं गुन्हा आहे. सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तो फार थोडे लोक करतात, कारण अर्ज केल्यावर त्याच गावात राहायचं असतं.

कर्जाकडे बघण्याची आणखी एक जुनी दृष्टी आहे. ऋण फेडल्याशिवाय माणूस सुटत नाही, बापाचं कर्ज लेकाने फेडायचं. पण मी जेवढं पाहिलं त्यात ही दृष्टी माणसाच्या कर्जाला लागू होते, संस्थेच्या कर्जाला तितकी नाही. चुलत्याचे दोन हजार राहिले तर माणूस रस्ता बदलून जातो. सोसायटीची थकबाकी चावडीवर सगळ्यांदेखत बोलली जाते, आणि त्यात कोणाला फारसं कमीपण वाटत नाही.

माफी की मुक्ती

याला कर्जमाफीने हातभार लावला, हे खरं. पण अर्धंच खरं.

१९९० मध्ये केंद्राने १० हजारांपर्यंतचं कर्ज माफ केलं. २००८ मध्ये पुन्हा मोठी योजना आली. दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी, त्यावरच्याने ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट. आता विदर्भातला कोरडवाहू शेतकरी बघा. त्याच्याकडे तीन हेक्टर असली तरी उत्पन्न बागायती एक हेक्टरवाल्याएवढंही नसतं. पण तो ठरला मोठा शेतकरी, आणि बागायतदार ठरला अल्पभूधारक. रेघ जमिनीवर ओढली, पाण्यावर नाही.

जून २०१७ मध्ये पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि त्याच महिन्यात राज्याने दीड लाखांपर्यंतची माफी जाहीर केली. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने २ लाखांपर्यंतची योजना आली. तिच्यात ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकबाकी किती, हे पाहिलं गेलं आणि मुद्दल-व्याज मिळून २ लाखांवर गेलेल्यांना बाहेर ठेवलं गेलं. थोडक्यात हुकलेल्या माणसाला काय वाटलं असेल, याची कल्पना करा. नियमित फेडणाऱ्यांना २०१७ मध्ये २५ हजारांपर्यंत आणि नंतरच्या योजनेत ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवलं. म्हणजे शेजाऱ्याने भरलं नाही त्याचे २ लाख गेले, आणि याने नवं-जुनं करत, पदरचं व्याज भरत खातं नियमित ठेवलं, त्याला जास्तीत जास्त ५० हजार. पुढच्या मार्चला तो काय करेल? अशा माणसाला मी तरी लबाड म्हणणार नाही.

दुसरी अर्धी बाजू अशी. माफीने सातबारा कोरा होतो. मेव्हण्याची, सोन्याची, कृषी केंद्राची, गटाची देणी जशीच्या तशी राहतात. आपल्या सुरुवातीच्या घरात माफी झाली, तर २ लाख ६० हजारांतले ८० हजार गेले. तेही असे, ज्यांवर व्याज जवळजवळ नव्हतंच.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना 'माफी' हा शब्दच मान्य नव्हता. माफी गुन्ह्याला असते. सरकारनेच निर्यातबंदी, झोनबंदी (एका भागातला माल दुसऱ्या भागात न्यायला बंदी) करून शेतमालाचे भाव पाडले असतील, तर देणं नक्की कोणाचं कोणाकडे, असा त्यांचा प्रश्न होता, म्हणून ते 'कर्जमुक्ती' म्हणत. त्यांचं सगळं म्हणणं पटो न पटो, हा प्रश्न कर्जाच्या चर्चेत ठेवायलाच हवा. भाव हा कर्जाचाच एक भाग आहे.

कागदावरच्या कर्जाचा आणि माणसावरच्या कर्जाचा फरक सगळ्यात कठोरपणे दिसतो तो शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर. राज्य सरकारची १ लाखाची मदत मिळायला प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. शेतजमीन हवी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज हवं, वसुलीचा तगादा हवा. देणी सगळी तोंडी असतील, तर फाइलवर 'अपात्र' असा शेरा येतो.

तर घरावर कर्ज किती, हे खरंच मोजायचं असेल तर एक वही घ्यावी. कोणाचं, किती, कोणत्या महिन्यात द्यायचं, आणि त्या महिन्यात पैसा कुठून येणार, असे चार रकाने आखावेत. उधारी, हातउसने, सोनं, गट, सगळं त्यात यावं. चौथा रकाना भरताना पेन अडकतं ती जागा नीट बघावी. बहुतेक घरांत ती फेब्रुवारी-मार्चची ओळ असते. आणि ही वही लिहायला एकट्या घरधन्याला बसवू नये. गहाण पडलेलं सोनं बायकोचं असतं. गटाचा हप्ता तिलाच भरायचा असतो, आणि त्या दिवशी पैसे नसले तर शेजारणीकडे जाणारीही तीच. त्याने ८० हजार सांगितले तेव्हा ती आत होती. तिला विचारलं असतं, तर तिने २ लाख ६० हजार सांगितले असते, वर शेजारणीचे बाराशे.